घरच्या कॅम्पिंग ट्रेलरला चाकं निवडताना: वजनकाटा, व्हर्नियर आणि एक चंद्रकोर

पहिल्या चाचणीला निघालो आणि जेमतेम चाळीस किलोमीटरवर ट्रेलरच्या डाव्या चाकातून टक्-टक् आवाज यायला लागला. गाडी बाजूला घेतली, वाकून बघितलं. चारपैकी दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. निघताना माझ्या धाकट्या भावाने तेच नट पान्यावर पाय देऊन आवळले होते, तेही माझ्यासमोर.

जॅक लावून चाक काढलं. नट चाकात जिथे टेकतो त्या तिरप्या खळगीत घासून चकाकलेलं गोल कडं दिसायला हवं. आमच्या खळग्यांत कडं नव्हतं. प्रत्येकीत एकाच बाजूला चंद्रकोरीएवढी चकाकी होती, बाकी रंग जसाच्या तसा. म्हणजे चारही नट चाळीस किलोमीटर एका कडेवर टेकून उभे होते.

कारण घरी येऊन व्हर्नियर (मिलिमीटरचे अंशही मोजणारी पट्टी) लावल्यावर कळलं. चाक ज्यावर बसतं तो हब; त्यातून बाहेर आलेले, नट चढवायचे आटेदार खिळे म्हणजे स्टड. आमच्या हबचे चार स्टड ज्या वर्तुळावर होते त्याचा व्यास ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. ट्रेलरच्या हबमध्ये हे माप सर्रास मिळतं. चाकं घेतली होती एका जुन्या कारची, अलॉयची. त्यांच्या भोकांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं. फरक १.६ मिलिमीटर, प्रत्येक स्टडला ०.८. भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, त्यामुळे चाक विनातक्रार हबवर गेलं. "ताई, बसलं की!" असं भाऊ म्हणाला आणि मीही मान डोलावली. माझी सगळी नोकरी यंत्रांचे आराखडे काढण्यात गेली. दुसऱ्याने असं केलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

त्यानंतर हब बदलला, अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) नव्याने केला, चाकं बदलली. त्या दुसऱ्या खेपेला जे ज्या क्रमाने केलं तेच पुढे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी चौकट जोडतात, मग अ‍ॅक्सल लावतात आणि शेवटी घरात पडलेली चाकं आणून बघतात. आम्हीही तेच केलं होतं. खरं तर टायरचा आकार आणि चाकाचा ऑफसेट (चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते) ठरेपर्यंत अ‍ॅक्सलची लांबी ठरवता येत नाही आणि मडगार्ड कुठे बसेल तेही सांगता येत नाही.

आधी वजन, तेही काट्यावरचं

कागदावर माझा अंदाज ४५० किलोचा होता. चौकट, प्लायवूड, गादी, बॅटरी, स्वयंपाकाची पेटी असं सगळं धरून. पूर्ण भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेला तेव्हा ५८५ भरला. १३५ किलो कुठून आले? थोडे प्लायवूडच्या गोंदातून आणि स्क्रूंमधून, थोडे रंगातून, ४० पाण्याच्या टाकीतून, आणि उरलेले "असू दे, लागेल" म्हणून टाकलेल्या वस्तूंमधून. ट्रेलर अजून बांधून झाला नसेल तर अंदाजावर निदान एक चतुर्थांश वाढवा. आमच्या बाबतीत तेवढंही पुरलं नसतं.

मग एकेक चाक वेगळं तोललं. पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही डावीकडे ठेवली होती. डाव्या चाकावर ३२५ आणि उजव्यावर २६० निघाले. निम्मे करून प्रत्येकी २९२ धरले असते तर डाव्या टायरचा हिशोब ३३ किलोंनी चुकला असता. टायर सरासरीवर चालत नाही, जड बाजूच्या वजनावर निवडायचा.

हे वजन कपलरखाली (ट्रेलर कारला अडकवायच्या तोंडाखाली) टेकू देऊन, पण टेकूचा भार चाकांतच धरून काढलं आहे. कारला जोडल्यावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा, आमच्याकडे ५८ किलो, टो बॉलवर (कारच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर) जातो. काही जण तो वजा करतात. मी करत नाही. पुढे कधी सामान मागे सरकलं की तो भार चाकांवरच येणार आहे.

३२५ ला मी १.२५ ने गुणलं: ४०६. हा माझा आकडा. एवढं वजन एका टायरने, आणि तेवढंच एका रिमनेही (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाने), आरामात पेललं पाहिजे.

टायरच्या बाजूवरचे आकडे

टायरच्या बाजूवर १७५/७० आर १३ ८२ टी असं काही कोरलेलं असतं. १७५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के. १३ हा रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत सगळे वाचतात. ट्रेलरवाल्याने पुढचे ८२ टी आधी वाचावेत.

८२ हा भारांक आहे. किलो नव्हेत, तक्त्यातला क्रमांक आहे. ७५ म्हणजे ३८७ किलो, ७९ म्हणजे ४३७, ८२ म्हणजे ४७५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, १०० म्हणजे ८००. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं: एल १२० किलोमीटर ताशी, एन १४०, क्यू १६०, टी १९०. ट्रेलर कोणी १९० ने पळवत नाही. पण बागेतल्या हातगाडीसाठी केलेल्या छोट्या टायरवर असं अक्षरच नसतं. दिसायला गोंडस असले तरी ते टायर हमरस्त्यावर चालवू नका.

काही टायरवर १८५ आर १४ सी १०२/१०० असं दोन भारांकांचं लिखाण असतं. सी म्हणजे मालवाहू गाडीसाठीचा, जाड बांध्याचा टायर. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा शेजारी शेजारी जोडीने लावलेल्या चाकांसाठी. आपल्याला पहिला बघायचा. जड ट्रेलरला हे टायर उत्तम. माझ्यासारख्या सहाशे किलोच्या आतल्या ट्रेलरला ते फार ताठ पडतात; प्रत्येक गचका आतल्या कपाटापर्यंत पोचतो.

कारचे साधे टायर चालतात का? हलक्या ट्रेलरला चालतात, पण जरा हात राखून. अमेरिकेत कारसाठीचे पी-मेट्रिक टायर ट्रेलरला लावले तर त्यांच्या क्षमतेला १.१० ने भागायची पद्धत आहे. ट्रेलर डुलतो, वळताना टायर आडवे ओढले जातात, म्हणून ही कपात. मला ती पटली. ७९ भारांकाचा १५५/८० आर १३ घेतला असता तर ४३७ भागिले १.१० म्हणजे ३९७. माझ्या ४०६ ला नऊ किलो कमी. ८२ चा १७५/७० आर १३ घेतला तर ४३२. दोन्हींच्या व्यासात फरक नगण्य, ५७८ आणि ५७५ मिलिमीटर. १७५ चा घेतला.

व्यास असा काढतात: रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात बाजूची उंची दोनदा मिळवायची. १३ गुणिले २५.४ म्हणजे ३३०. १७५ चे ७० टक्के १२२.५, दोनदा घेतले की २४५. बेरीज ५७५. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मडगार्ड, ट्रेलरची उंची, ड्रॉबारचा (कारकडे जाणाऱ्या पुढच्या दांड्याचा) कोन, सगळं यावर चालतं.

आणखी एक, फार कमी जण बघतात ते: टायर कितीही पेलत असला तरी रिमची स्वतःची मर्यादा असते. बऱ्याच ट्रेलर रिमवर ती किलोत किंवा पौंडांत ठोकलेली असते. पौंडांत असेल तर २.२ ने भागा. रिमची रुंदीही टायरला जुळायला हवी. १७५/७० आर १३ ला ५ इंची रिम योग्य.

आठ इंची चाकाचा मोह

भावाला पहिल्यापासून आठ इंची चाकं हवी होती. लहान, हलकी, ट्रेलर बुटका राहतो, आत चढायला सोपं. त्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती. पण मी दोन हिशोब मांडले.

४.८०-८ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ४२ सेंटिमीटर. ताशी ८० किलोमीटरला तो मिनिटाला जवळपास हजार फेरे घेतो. ५७५ मिलिमीटरचा टायर त्याच वेगाला ७४० च्या आसपास. बेअरिंग, ग्रीस आणि टायरचं रबर, तिघांनाही फेऱ्यांचे पैसे मोजावे लागतात.

दुसरा हिशोब खड्ड्याचा. समजा २० सेंटिमीटर रुंद खड्डा आहे. २१ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक दोन्ही कडांवर टेकेपर्यंत २५ मिलिमीटर खाली जातं. २८.७ सेंटिमीटर त्रिज्येचं १८ मिलिमीटर जातं. कंपासने कागदावर काढून बघा, पटेल. लहान चाक जास्त खोल जातंच, शिवाय बाहेर येताना कडेवर जास्त उभ्या कोनात आदळतं. माझी कपाटाची बिजागरी कुठल्या चाकाने आधी निखळली असती हे सांगायला नको.

मोठ्या चाकाचा तोटाही लिहिते. व्यास ५० मिलिमीटर वाढला की अ‍ॅक्सल आणि त्यावरचा सगळा ट्रेलर २५ मिलिमीटर वर जातो. टो बॉलची उंची तीच राहते, म्हणून ट्रेलर नाक खाली घालून चालायला लागतो. किंचित खाली चालेल, नाक वर नको. फरक जास्त असेल तर अ‍ॅक्सल पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) वर घ्यायचा की खाली, इथून विचार करावा लागतो.

ब्रेक लावणार असाल तर ड्रम रिमच्या आत मावायला हवा. रिमचा आतला व्यास तिच्या नावातल्या इंचांपेक्षा बराच कमी असतो. ड्रम घ्यायच्या आधी रिमच्या आत पट्टी घालून बघा.

भोकांचं वर्तुळ

आता आमच्या चंद्रकोरीचं मूळ. स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ४×१०० म्हणजे चार भोकं, १०० मिलिमीटरचं वर्तुळ.

चार किंवा सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे पीसीडी. मध्य डोळ्याने ठरवू नका. हबवर मोजताना दोन समोरासमोरच्या स्टडच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि एका स्टडची जाडी वजा करा. वजा करायला विसरलात तर गंमत होते. आमचे स्टड अर्ध्या इंची, १२.७ मिलिमीटरचे. १०१.६ अधिक १२.७ किती? ११४.३. आणि ११४.३ हीही एक अगदी प्रचलित पीसीडी आहे, साडेचार इंचांची. वजाबाकी विसरणारा माणूस खुशाल चुकीची चाकं घेऊन येईल, वर छातीठोकपणे सांगेल की मी मोजलंय.

पाच भोकांना समोरचं भोक नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांचं अंतर घ्यायचं, एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत, आणि १.७०१ ने गुणायचं. ११४.३ ला हे अंतर ६७.२ येतं, ११२ ला ६५.८. दोघांत दीड मिलिमीटरचाही फरक नाही. टेपने हे ओळखणं शक्य नाही, व्हर्नियरच पाहिजे.

एकमेकांच्या जवळ असलेल्या, म्हणून घात करणाऱ्या जोड्या: ४×१०० आणि ४×१०१.६, ५×११२ आणि ५×११४.३, ५×१२० आणि ५×१२०.६५. यातलं कुठलंही चाक दुसऱ्याच्या हबवर सरकवता येतं. नट आवळताना स्टड थोडे वाकून खळगीकडे येतात, पाना घट्ट लागतो, मन भरतं. रस्त्यावर चाक फिरताना ते वाकलेले स्टड दर फेरीला थोडे हलतात आणि नट सुटू लागतो.

भोकं कानशीने लांबट करणं, डळमळत्या वॉशरचे खास नट लावणं, मध्ये अ‍ॅडॉप्टरची चकती घालणं, हे तिन्ही सल्ले मला मिळाले. पहिला ऐकून मी उठून गेले. दुसरा काही फरकांपुरता चालतो म्हणतात. भरल्या ट्रेलरखाली मला तो नको. अ‍ॅडॉप्टरने पीसीडी जुळते, पण चाक त्याच्या जाडीइतकं बाहेर जातं आणि तपासायला नटांचा दुसरा संच वाढतो. आम्ही हबच बदलले. आमच्या ओढणाऱ्या कारच्या मागच्या चाकांना जे हब आहेत तसलेच घेतले: ४×१००, स्टड एम१२×१.५ (१२ मिलिमीटर जाड, दोन आट्यांत दीड मिलिमीटर). आता कारची स्टेपनी ट्रेलरला चालते आणि ट्रेलरची कारला. या एका सोयीसाठी पीसीडी, व्यास आणि ऑफसेट तिन्ही सारखे असावे लागतात. पीसीडी एकट्याने काम होत नाही.

मधलं भोकही बघायचं. आमच्या नव्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे. चाकाचं मधलं भोक त्याहून लहान असेल तर चाक जाणारच नाही. फार मोठं असेल तर चाक मध्यावर धरायची जबाबदारी एकट्या नटांवर येते; प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी घालून ती फट भरता येते. साध्या ट्रेलर हबला बाहेर ग्रीसची टोपी डोकावत असते. ती चाकाच्या भोकातून आरपार जाते ना, हेही एकदा बघा. टोपी चेपून चाक बसवलेलं मी पाहिलं आहे.

ऑफसेट: इथे घाई नको

मला विचाराल तर घरच्या ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण ऑफसेट नजरेला दिसत नाही.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा कल्पा. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो तो या रेषेवर असेल तर ऑफसेट शून्य. तो बाहेरच्या बाजूला, म्हणजे चाकाच्या दर्शनी तोंडाकडे सरकलेला असेल तर ऑफसेट अधिक, आणि मग चाक तेवढं ट्रेलरच्या आत जातं. रिमवर ईटी ४० असं लिहिलेलं असतं, ते हेच, मिलिमीटरमध्ये. ट्रेलरसाठीच बनवलेल्या चाकांचा ऑफसेट बहुधा शून्य असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारच्या चाकांचा ३५ ते ५०.

लिहिलेलं नसेल तर मोजा. टायर न लावलेली रिम तोंड खाली करून ठेवा. मागच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीच्या खालच्या कडेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. आमच्या रिमची ११६ आली. मग रिमची कडेपासून कडेपर्यंतची पूर्ण रुंदी घ्या: १५२. ५ इंची रिम १२७ ची असते ना, असं वाटेल. ५ इंच हे टायर जिथे बसतो त्या आतल्या जागेचं माप. दोन्ही कडा धरून साधारण एक इंच वाढतो. १५२ चे निम्मे ७६, ११६ मधून गेले, उरले ४०. ईटी ४०.

आता जागा. हबच्या तोंडापासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत आमच्याकडे १५० मिलिमीटर होते. टायर १७५ चा, त्याचे निम्मे ८७.५. शून्य ऑफसेटला टायरची आतली बाजू हबच्या तोंडापासून ८७.५ आत येते, चौकटीपर्यंत ६२.५ उरतात. भरपूर. ईटी ४० ला ती १२७.५ आत येते आणि उरतात २२.५. उभ्या ट्रेलरला ही फट ठीक वाटते. पण रबर जमिनीजवळ फुगतं, वळणावर आडवं लवतं, आणि पाटेही थोडे बाजूला देतात. आमच्या चौकटीवर आतून काळे ओरखडे होते, चाळीस किलोमीटरमध्येच. मी आता आतल्या बाजूला ४० मिलिमीटरच्या खाली जात नाही. म्हणून नवा अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटर लांब करून घेतला. हबच्या तोंडातोंडातलं अंतर १४०० वरून १४४० झालं, फट ४२.५.

आता जागेपेक्षाही नाजूक गोष्ट: बेअरिंग. हबमध्ये सहसा दोन बेअरिंगं असतात, आतलं मोठं, बाहेरचं लहान. हब बनवणारा चाकाचा भार कुठल्या रेषेत येईल हे धरून ती जागा ठरवतो. शून्य ऑफसेटसाठी केलेल्या हबवर ईटी ४० चं चाक लावलं की भाराची रेषा ४० मिलिमीटर आत सरकते आणि आतल्या बेअरिंगवर ठरल्यापेक्षा जास्त ओझं पडतं. उलट, कारच्या हबवर शून्य ऑफसेटचं चाक लावलं की भार बाहेर जातो, लहान बेअरिंग आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती दांडी) दोन्ही दमतात. म्हणून "ट्रेलरला कुठला ऑफसेट चांगला?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. हब ज्यासाठी बनला असेल तो. विकत आणलेल्या अ‍ॅक्सलबरोबर कागद येतो, त्यात मर्यादा दिलेली असते. तो कागद खोक्याबरोबर फेकू नका.

जागा कमी पडते म्हणून स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) घालायचा मोह झाला तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. फट मिळेल, भार बाहेर जाईल, स्टडही तोकडे पडतील.

मडगार्डबद्दल थोडक्यात: टायरच्या वर ७५ मिलिमीटर तरी मोकळे ठेवा, तेही ट्रेलर भरलेला असताना. पाटे पूर्ण दाबले गेले की ती फट कुठे जाते ते ट्रेलरवर चार माणसं बसवून बघा. आम्ही भाऊ, त्याची बायको, मी आणि सिमेंटचं एक पोतं वापरलं.

नट, स्टड आणि शाईची चाचणी

लोखंडी चाकाचा नटाखालचा पत्रा तीन-चार मिलिमीटर जाड असतो. अलॉयचं तेच अंग सहज दहाच्या वर. लोखंडी चाकासाठीच्या लांबीचा स्टड अलॉयमधून थोडासाच बाहेर येतो. नटाने निदान स्टडच्या जाडीइतके आटे पकडले पाहिजेत. एम१२×१.५ ला ते पूर्ण आठ फेरे होतात. अर्ध्या इंची स्टडला, इंचाला वीस आटे असतील तर, दहा. नट हाताने फिरवत मोठ्याने मोजा. आमच्या पहिल्या चाकांवर सहाच भरले होते. म्हणजे पीसीडी बरोबर असती तरी ती जोडणी नापासच होती.

आट्यांची जात तपासल्याशिवाय नट उसने घेऊ नका. अर्ध्या इंची नट एम१२×१.२५ च्या स्टडवर ढिला ढिला चढतोही, आणि आवळताना आटे सोलून काढतो.

नटाची बैठक तीन प्रकारची: ६० अंशांचा कोन, गोलाकार, किंवा सपाट वॉशरची. कोनाच्या खळगीत गोलाकार नट घातला तर एका बारीक रेषेवर टेकतो. नुसतं बघून फरक कळत नाही, म्हणून ही चाचणी. चारही खळग्यांना मार्करची निळी शाई फासा, वाळू द्या. चाक लावून नट नेहमीसारखे आवळा, परत काढा. जिथे नट टेकला तिथली शाई गेलेली असेल. पूर्ण गोल कडं दिसलं तर जुळलं. चंद्रकोर दिसली तर पीसीडी चुकली. अगदी बारीक रेघेचं कडं दिसलं तर बैठकीचा प्रकार चुकला. पाच मिनिटांचं काम आहे.

आवळताना एकदम एक नट घट्ट करू नका, समोरासमोर घ्या, दोन-तीन टप्प्यांत. किती आवळायचं ते हबच्या किंवा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. माझ्या पुस्तिकेत १०३ न्यूटन-मीटर आहे. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला कट् वाजणारा पाना) नसेल तर उसना आणा. पान्यावर पाय ठेवणं हे माप नाही, हे मी भावाला आता कौतुकाने सांगते. मग १५, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून परत तपासा. नव्या रिमचा रंग नटाखाली दबतो, त्यामुळे जुळलेल्या चाकाचेही नट सुरुवातीला किंचित ढिले होतात. प्रत्येक थांब्यावर हबलाही हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंगकडे बघायची वेळ आली.

टायर जुने घेत असाल तर नक्षी बघून भुलू नका. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभा असतो, नक्षी झिजतच नाही, रबर मात्र उन्हात तडकतं. बाजूवर डॉट या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर मी ट्रेलरला लावत नाही, कितीही काळाभोर दिसला तरी. जोडीतले दोन्ही एकाच मापाचे आणि साधारण एकाच वयाचे ठेवा. हवा थंड टायरमध्ये भरा आणि बाजूवर कोरलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. चाकं बॅलन्स करून घ्या. ट्रेलरमध्ये कोणी बसलेलं नसतं, थरथर कोणाला जाणवत नाही, ती थेट स्क्रूंना आणि बिजागऱ्यांना जाणवते.

नवी चाकं लावून दुसऱ्यांदा निघालो तेव्हा तिन्ही थांब्यांवर मी रेंच लावला. १५ किलोमीटरवर दोन नट अगदी थोडे फिरले. ४० वर एकही नाही. ८० वर पहिल्याच दाबाला रेंच कट् वाजला, आठच्या आठ नटांना. घरी आल्यावर मी डाव्या मडगार्डच्या आत पांढऱ्या रंगाने सगळी मापं लिहून ठेवली, पुढे कोणाला व्हर्नियर शोधायला लागू नये म्हणून: ४×१००, ५४.१, ईटी ४०, १७५/७० आर १३ ८२ टी, एम१२×१.५, १०३. दुसऱ्या दिवशी बघते तर खाली भावाच्या अक्षरात एक शब्द वाढला होता: "बसतंय."